संगणकाची घरघर आणि अब्बांचे कान

उर्दूचा इमला घालताना शिक्षिकेची खरी कसोटी लागते ती 'ख' आणि 'ख़', 'ग' आणि 'ग़', 'क' आणि 'क़' या जोड्यांत. त्यातून आपली मराठवाड्याची मुले. घरात दखनी, आणि दखनीत 'क़' चा सरळ 'ख़' होऊन बसलेला. म्हणून हे आवाज वर्गात समोरासमोर, तोंडाकडे बघायला लावून शिकवावे लागतात. 2020 साली टाळेबंदी लागली, शाळा बंद झाली आणि हाच इमला घरातल्या संगणकावर रेकॉर्ड करून पालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली. वह्यांचे फोटो परत आले तेव्हा पाहिले, तर चांगल्या चांगल्या मुलांनी 'खे' च्या जागी 'हे' लिहिलेला. एकाने नव्हे, निम्म्या वर्गाने.

मी इअरफोन लावून माझेच रेकॉर्डिंग ऐकले. माझ्या आवाजाच्या मागे एक सलग 'स्स्स' आणि त्याच्याही खाली 'घुर्र्र' असा सूर होता. खोलीत बसलेल्या माणसाला तो जाणवत नव्हता, कारण कान अशा न बदलणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मायक्रोफोनला ती सवय नसते. 'ख़', 'ग़', 'फ़', 'स', 'श' हे सगळे आवाज मुळात हवेच्या घासण्यातून निघतात. पंख्याची सळसळही हवेच्या घासण्याचीच. म्हणजे मागच्या आवाजाने नेमकी तीच अक्षरे खाल्ली होती. 'आ', 'ई', 'ऊ' मात्र शाबूत. मग मी फोनवर रेकॉर्ड करू लागले आणि 'खे' परत आला.

फोनही संगणकच आहे. तो गप्प कसा आणि टेबलाखालचा डबा बोलका कसा? मी विज्ञान शिकवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण हा प्रश्न पुढे आमच्या घरात असा काही महत्त्वाचा झाला, की त्याचे उत्तर मला शोधावेच लागले.

उत्तर तसे लहान आहे. साध्या टेबलावरच्या संगणकात दोनच प्रकारच्या वस्तू फिरतात: पंखे आणि हार्ड डिस्क. बाकी सगळे स्थिर. आवाज येतो तो या दोहोंतून. फोनमध्ये या दोन्ही नाहीत.

पंखा लागतो तो उष्णतेमुळे. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म बटणे असतात, ती सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात आणि त्यात जाणारी वीज शेवटी उष्णताच होते. घरगुती संगणकाचा प्रोसेसर जोर लावून काम करताना 65 वॉटच्या आसपास वीज घेतो. आपल्या लहानपणीचा 60 वॉटचा पिवळा बल्ब आठवा. पेटलेला असताना त्याला हात लावता येत नसे. तेवढीच उष्णता इथे नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडते. ती काढून घ्यायला वर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बसवतात आणि त्या पात्यांतून हवा ढकलायला पंखा.

हार्ड डिस्क म्हणजे चकचकीत तबकडी. घरगुती संगणकात ती मिनिटाला 5400 किंवा 7200 फेऱ्या मारते. 7200 म्हणजे सेकंदाला 120. तिच्यावरून एक बारीक हात मागेपुढे सरकत माहिती वाचतो आणि लिहितो. हाताच्या टोकाचे हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटरवर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी त्या मानाने हजारो पटींनी जास्त. ही जात 1956 मध्ये आयबीएमने जगासमोर आणली. त्या पहिल्या यंत्रात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि सगळ्यांत मिळून साधारण 50 लाख अक्षरे मावत. म्हणजे आज फोनवर काढलेला एखादा मोठा फोटो.

आता घरातली गोष्ट. माझे अब्बा लातूरचे घड्याळजी. गंजगोलाईच्या परिसरात त्यांचे लहानसे दुकान होते: काचेची पेटी, डोळ्याला लावायची भिंगाची डबी, चिमटा, आणि एकावर एक ठेवलेल्या चपट्या डब्यांत एचएमटीचे सुटे भाग. चावीच्या घड्याळातले बॅलन्स चाक त्या काळच्या बऱ्याच घड्याळांत सेकंदाला 5 ठोके देई. अब्बा घड्याळ कानाला लावून सांगत, तेल सुकले आहे, दगड फुटला आहे, की केसासारखी स्प्रिंग कुठे चिकटते आहे. मागचे झाकण उघडायच्या आधी निदान झालेले असे. मग क्वार्ट्झ घड्याळे आली. त्यातली स्वस्त घड्याळे दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणे परवडे. अब्बांच्या हातात सेल बदलणे आणि पट्टा लावणे एवढेच काम उरले. फिरणारे भाग कमी झाले की दुरुस्ती करणाऱ्याचे काय होते, हे आमच्या घराने संगणक येण्याआधीच पाहिले होते.

अम्मीचा 2022 मध्ये इंतकाल झाला आणि अब्बा नांदेडला आमच्याकडे राहायला आले. तोपर्यंत त्यांचा कान बराच उतरला होता. कानाचे यंत्र घेतले. आमच्या ऐपतीत बसणारे, साधे. अशी यंत्रे बोलणे मोठे करतात, तसा मागचा गोंगाटही मोठा करतात. महागड्या यंत्रांत तो वेगळा काढायची सोय बरी असते, साध्यांत बेताची. आमचे घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत अब्बांची खाट आणि त्याच खोलीत खिडकीखाली संगणकाचे टेबल, कारण मोठा मुलगा बारावीला आणि त्याचे सगळे व्हिडिओ, सराव परीक्षा त्यावरच. महिनाभरात लक्षात आले की संगणक सुरू झाला की अब्बा यंत्र काढून उशीखाली ठेवतात. विचारले तर म्हणाले, "बेटा, कान में चक्की चलती है." यंत्र काढले की चक्की बंद, पण आम्हीही बंद. जेवताना ते हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत बसत आणि एक शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नसे. कान उतरलेले माणूस हळूहळू घरातल्या बोलण्यातून असे निघून जाते. भांडण नाही, तक्रार नाही. म्हणून मला वाटले, संगणक गप्प करता येतो का ते बघितलेच पाहिजे. चैन म्हणून नव्हे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नांदेडच्या मे महिन्यात या प्रश्नाला काही अर्थ नसतो. पारा 42-43 वर आणि खिडकीतला कूलर असा गर्जतो की संगणक काय, मिक्सरही ऐकू येऊ नये. संगणकाचा आवाज खरा जाणवतो तो हिवाळ्यात आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत, जेव्हा छताचा पंखाही बंद किंवा मंद असतो. 2025 मध्ये रमजान 2 मार्चला सुरू झाला आणि बारावीचे पेपर 18 मार्चपर्यंत होते. सहेरीला उठलेला मुलगा खाऊन झाले की फजरपर्यंत संगणकावर बसायचा. गल्लीत कुत्रेसुद्धा भुंकत नाही अशा वेळी ती घरघर साऱ्या खोलीची होऊन जाते.

पण सुरुवात त्याच्या आधीच, अब्बांनीच केली होती. एकदा संगणक चालू असताना त्यांनी डब्यावर हात ठेवला, मग बोटांची टोके एका जागी दाबली आणि थांबले. कान गेला होता, बोटे गेली नव्हती. म्हणाले, "ये हवा का आवाज नहीं है. इसका बेअरिंग घिस गया है." आम्हाला वाटत होते पंखा. अब्बांचे बोट होते हार्ड डिस्कच्या जागेवर. दोन दिवसांनी मधूनच 'टक्... टक्' असाही आवाज येऊ लागला. ओळखीच्या रिपेअरिंगवाल्याला फोनवर तो ऐकवला. तो म्हणाला, "आपा, आता ते बंद-चालू करू नका. आधी जे हवे ते काढून घ्या." तबकडीवरची खूण हाताला सापडत नाही, तो मागे जाऊन पुन्हा शोध घेतो, त्याचा तो आवाज.

जे हवे ते म्हणजे माझ्यासाठी एकच फाइल होती. 2020 च्या मार्चमध्ये अम्मी-अब्बा आठ दिवसांसाठी लातूरहून आले आणि टाळेबंदीमुळे अडीच महिने राहिले. मी इमला रेकॉर्ड करायचे तेव्हा अम्मी शेजारी तांदूळ निवडत बसायची. एका दुपारी मायक्रोफोन चालूच ठेवून मी तिला किल्लारीच्या भूकंपाची रात्र सांगायला लावली. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. गणेश विसर्जनाची रात्र संपत आलेली. आम्ही लातूर शहरात होतो, आमचे घर उभे राहिले. औसा-निलंग्याकडच्या आणि उमरग्याच्या गावांत दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर बसली. अम्मीने पावणेदोन तासांत ती रात्र सांगितली. फळीवरची पातेली कशी खाली आली, आम्हा भावंडांना तिने कुठल्या क्रमाने बाहेर काढले, अब्बांच्या दुकानातली लंबकाची दोन घड्याळे कशी थांबली, आणि नंतर महिनाभर गल्लीतल्या बायका रात्री एकत्र कशा झोपायच्या. तिचा आवाज मुळात हलका. मागे संगणकाची घरघर. अम्मी जिथे आवाज खाली आणते तिथे घरघर वर येते. ती आता त्या फाइलमधून निघणार नाही. संगणकावर असा सलग आवाज कमी करायची सोय असते, मी करूनही पाहिले. पण त्यात अम्मीचे 'स' आणि 'श' ही पुसले जातात आणि ती बोबडी वाटते. मी मूळचीच ठेवली आहे.

त्या रात्री फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यायला बसलो. डिस्क तापत होती, मध्येच अडकत होती. अब्बांनी टेबल फॅन आणून तिच्यावर रोखला आणि म्हणाले, घाई करू नका, दमलेल्या घड्याळाला हलवायचे नसते. पहाटेपर्यंत अम्मी आली. माझ्या भावाच्या लग्नाचे बरेचसे फोटो आले नाहीत.

नवीन डिस्क घेताना रिपेअरिंगवाल्याने एसएसडी सुचवली. यात तबकडी नाही, हात नाही, मोटार नाही, फक्त चिपा. काम कसे चालते ते मी सोपे करून सांगते. वीज ज्यातून सहज जात नाही अशा पापुद्र्याच्या आत एक इवलासा कप्पा असतो. दाब देऊन त्यात इलेक्ट्रॉन ढकलायचे. पापुद्र्यामुळे ते आत अडकून राहतात, वीज गेली तरी. कप्पा भरलेला की रिकामा, यावरून माहिती वाचायची. ही कल्पना 1967 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या डावॉन कांग आणि सायमन झी यांची. पुढे 1980 च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी तिच्यातून आजची 'फ्लॅश' मेमरी घडवली. माहितीचा मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा, म्हणून एका सहकाऱ्याने ते नाव सुचवले. आपल्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, कॅमेऱ्याच्या कार्डात हीच वस्तू असते.

256 जीबीची एसएसडी आम्हाला त्या वेळी दोन हजारांच्या आत मिळाली. संगणक दोन मिनिटांऐवजी वीस-पंचवीस सेकंदांत सुरू होऊ लागला. 'घुर्र्र' गेली. 'स्स्स' मात्र राहिली.

पंख्याचे काम आधी झाडूचे निघाले. डबा उघडला तर पात्यांमध्ये धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा गोधडीसारखा थर. आमच्याकडे धूळ काही कमी नाही आणि दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या गल्लीवरूनच जातात. हवा जायला वाट नाही, म्हणून प्रोसेसर तापतो, म्हणून पंखा जोरात फिरतो, म्हणून अधिक धूळ ओढतो. ब्रशने साफ केले, प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. हे काम अब्बांनी केले, भिंगाची डबी डोळ्याला लावून. बहात्तर वर्षांच्या माणसाला बऱ्याच दिवसांनी कोणीतरी दुरुस्तीचे काम दिले होते. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच लावायची असते हे रिपेअरिंगवाल्याने सांगितले, तर म्हणाले, तेलाचेही तसेच होते, जास्त घातले की घड्याळ मरते.

मग मागचा लहान पंखा काढून मोठा बसवला. यामागे एक छान हिशेब आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, आणि 10 डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. म्हणून लहान पंखा भरधाव फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणे केव्हाही बरे. हवा तेवढीच, त्रास कमी. मशिदीतले जुने लांब दांडीचे मोठे पंखे आठवतात ना, ज्यांच्याखाली खुतबा स्पष्ट ऐकू यायचा? तसेच.

मुलाचे म्हणणे होते, पंखाच काढून टाकू. बिनपंख्याचे संगणक मिळतात. ते काही नवीनही नाही. 1977 चा ॲपल टू बिनपंख्याचाच होता. 1980 मध्ये ॲपल थ्री काढला, त्यातही पंखा दिला नाही. तो तापण्याबद्दल इतका बदनाम झाला की खिळखिळ्या झालेल्या चिपा जागेवर बसाव्यात म्हणून मशीन दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा असा सल्ला ग्राहकांना मिळे, असे सांगतात. चाळीस वर्षांनी, 2020 मध्ये, त्याच कंपनीने नव्या प्रोसेसरचा बिनपंख्याचा मॅकबुक एअर काढला आणि तो उत्तम चालला. फरक पंख्यात नव्हता, प्रोसेसरच्या भुकेत होता. जो कमी वीज खातो तो कमी तापतो.

याचे आपल्याकडचे उदाहरण मला फार आवडते. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात नावाच्या छोट्या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. अमेरिकेतल्या एमआयटीच्या निकोलस नेग्रोपॉन्टी यांच्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या उपक्रमातला भारतातला तो पहिला प्रयोग. एक्सओमध्ये पंखा नव्हता आणि हार्ड डिस्कही नव्हती. 1 जीबी फ्लॅश मेमरी, 433 मेगाहर्ट्झचा सावकाश प्रोसेसर, बस. विजेचा भरवसा नाही, धूळ आहे, पोरे हातातून पाडणार, म्हणून फिरणारे काहीही नको असा विचार. उपक्रम आपल्याकडे फार पसरला नाही, शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला लॅपटॉप शंभरात कधी बसलाही नाही. पण एकशिक्षकी शाळेत, जिथे चार इयत्ता एकाच खोलीत बसतात, तिथे गप्प मशीन म्हणजे काय हे शिक्षकालाच कळेल. मी स्वतः दोन इयत्ता एकत्र घेतल्या आहेत. त्यात आणखी वीस पंख्यांची सळसळ मिसळली असती तर!

तरीही मी मुलाला नाही म्हटले, आणि कारण आमचे हवामान. उष्णता किती बाहेर जाईल हे फरकावर ठरते: मशीन किती गरम आणि खोली किती थंड. समजा प्रोसेसर 85 अंशांपर्यंत चालू द्यायचा आहे. खोली 25 अंशांची असेल तर फरक 60 चा. नांदेडच्या मे महिन्यातली दुपारची खोली 42 ची, फरक उरला 43 चा. तोच ठोकळा, तेच मशीन, पण थंड होण्याची ताकद तीन-चतुर्थांशाहूनही कमी. थंड देशात बसून लिहिलेली शिफारस इथे तशीच चालत नाही. असे बिनपंख्याचे मशीन जळत नाही, ते स्वतःला वाचवायला सावकाश होते. सराव परीक्षेत घड्याळ उलटे मोजत असताना मशीन सावकाश झालेले कोणाला परवडेल? मे महिन्यात अंगणात ठेवलेला फोन 'तापमान जास्त आहे' म्हणून चार्ज व्हायचा थांबतो, तो हाच प्रकार.

न फिरता थंड करण्याच्या युक्त्यांत मला सर्वांत शहाणी वाटते ती तांब्याच्या बंद नळीची. आत हवा काढून थोडे पाणी सोडलेले असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून झिरपत परत येते. लॅपटॉपमध्ये आपल्याला दिसणाऱ्या चपट्या तांबूस नळ्या त्याच. आपल्या माठाचेच तत्त्व, फक्त माठ आपले पाणी हवेला देऊन टाकतो आणि ही नळी एक थेंबही सोडत नाही. लातूरकरांना या फरकाची किंमत सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा अम्मी-अब्बांच्या घरचा कूलर सबंध उन्हाळा कोरडा उभा होता. पाणी प्यायला की गारव्याला, हा प्रश्नच नव्हता. मोठ्या मशीनांनाही पाणी लागतेच. पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 मध्ये बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक पाण्याच्या नळ्या थेट प्रोसेसरजवळ नेऊन थंड ठेवतात. अशा व्यवस्थेत खोलीतला आवाज कमी होतो, पण उष्णता शेवटी कुठेतरी हवेला द्यावीच लागते, म्हणजे मोठे पंखे इमारतीबाहेर.

तर आमच्या घरी तडजोड झाली ती अशी: साठवण पूर्ण स्थिर, पंखा एक, मोठा, सावकाश. मुलाने सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा जोरही थोडा कमी केला. व्हिडिओ आणि परीक्षेला तेवढा पुरतो. रमजानच्या पहिल्या आठवड्यात सहेरीला अब्बा यंत्र लावून बसले होते आणि मुलगा संगणकावर काहीतरी मोठ्याने पाठ करत होता. अब्बांनी त्याला मध्येच थांबवून एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला. शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता.

एवढ्यावर सोडले असते, पण अब्बांच्या एका प्रश्नाने मला पुन्हा शोधायला लावले. त्यांनी विचारले, "ये बिगडेगा तो कैसे मालूम होगा?" जुनी डिस्क मरण्याआधी कण्हली होती, टकटक करून तिने सांगितले होते. चिपा काही सांगत नाहीत. कालपर्यंत ठीक असलेली एसएसडी आज सकाळी संगणकाला दिसतच नाही, असे होते. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या घरी झाले. आणि कप्प्यातले इलेक्ट्रॉनही कायमचे कैद नसतात; पापुद्र्यातून हळूहळू निसटतात, आणि गरमीत लवकर निसटतात. या धंद्याचा मापदंड असे मागतो की भरपूर वापरून झिजलेली घरगुती एसएसडी, वीज न मिळता, 30 अंशांत ठेवली तर तिने निदान एक वर्ष माहिती सांभाळावी. नवी एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त काळ सांभाळते. पण पत्र्याच्या छताखालच्या लोखंडी पेटीत मे महिन्यात 30 अंश कुठून आणायचे? म्हणून जुन्या आठवणी पेन ड्राइव्हमध्ये भरून दागिन्यांसारख्या ट्रंकेत ठेवणाऱ्या भगिनींना माझे सांगणे आहे की तो वर्षातून दोनदा तरी बाहेर काढून संगणकाला लावा, फाइल उघडून ऐका, बघा, आणि नवीन प्रत करा.

अम्मीच्या रेकॉर्डिंगच्या आता चार प्रती आहेत. एक संगणकात. एक माझ्या धाकट्या भावाकडे लातूरला, त्याने मुद्दाम तबकडीच्या डिस्कवर ठेवली आहे, कारण बंद कपाटात पडून राहायला ती बरी. एक पुण्यात मामेबहिणीकडे, एक इंटरनेटवरच्या खात्यात. दोन्ही ईदनंतर जो तो आपली प्रत लावून ऐकतो आणि घरच्या ग्रुपवर 'चालते' एवढेच लिहितो. गेल्या बकरी ईदला भावाने लिहायला उशीर केला तर अब्बांनी मला तीनदा विचारले.

शाळेच्या संगणक कक्षात अकरा मशीन आहेत, आठ चालतात. मुख्याध्यापकांना मी हिशेब करून दिला: सगळ्यांत एसएसडी, साफसफाई, नवी पेस्ट. नवे संगणक घेण्याच्या मानाने खर्च फारच कमी होता. त्यांनी यंदा चार मशीनना मंजुरी दिली आहे. त्या चारांवर मी उर्दूच्या मुलांना बसवते.